गळती नाही

गॅसच्या सक्तीच्या तपासणीला आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "काकू, बूट काढत नाही. नळी ठीक आहे ना?" मी म्हटलं, "असेल." त्यानं मोबाइलवर भराभर खुणा केल्या, मी स्क्रीनवर बोटानं सही केली आणि तो शेजारच्या दाराची बेल वाजवायला गेला.

मग मला राहवेना. आई करायची तसा वाटीत साबणाचा फेस केला आणि नळीच्या तोंडाशी लावला. एक बुडबुडा हळूहळू फुगला. त्यात स्वयंपाकघराची खिडकी वाकडी दिसली, आणि तो फुटला. त्याच जागी दुसरा फुगू लागला.

सकाळीच पेपरात वाचलं होतं, की यापुढे गॅस कंपन्यांवर सरकार आणि त्याच कंपन्या मिळून देखरेख ठेवणार. वाचून राग आला नाही, याचंच वाईट वाटलं. दोन घरचा पाहुणा उपाशी, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सरकार म्हणेल, कंपनीनं पाहिलं. कंपनी म्हणेल, आमच्या माणसानं पाहिलं. आणि तो माझ्या सहीकडे बोट दाखवील. त्याला तरी काय बोलणार? आत या, असं मी कुठं म्हटलं होतं?

रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली आणि एजन्सीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काकू, तुमची तपासणी आत्ताच झालीय. गळती नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."