छातीवरचं नाव

बाबा कॅन्सरने गेले, त्याच्या पुढच्याच वर्षी चेन्नईत कॅन्सरच्या रुग्णांच्या मदतीसाठी मॅरेथॉन होती. त्यातल्या सर्वांत छोट्या अंतराच्या धावेसाठी मी आईलाही ओढलं. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून ती मरीना बीचवर हजर झाली.

ज्याच्या आठवणीत धावायचं, त्याचं नाव छातीवरच्या कागदावर लिहायचं होतं. लिहिणाऱ्या मुलीने नाव विचारलं, तर आई गप्प! चाळीस वर्षांत तिने उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. मागे रांग खोळंबलेली. शेवटी वैतागून मीच सांगितलं. मुलीने ते ठसठशीत तमिळ अक्षरांत लिहिलं.

रस्त्याकडेचे लोक छातीवरचं नाव वाचून ओरडत होते. पोलीस, उकडलेल्या चण्यांचं सुंडल विकणारी बाई, शाळेतल्या पोरी, सगळे आईकडे बघून बाबांच्या नावाचा गजर करत होते. आई आधी लाजली, मग चक्क हात हलवू लागली.

शेवटच्या वळणावर गर्दी संपली आणि आईचा दमही. ती थांबलीच. मी म्हटलं, "पुरे झालं, बस."

तिने पदर खोचला. खणखणीत आवाजात बाबांचं नाव घेतलं, उखाण्याशिवाय, आणि म्हणाली, "चला हो, पोचलोच!"