वामनरावांचा जुना सोर्स

वामनराव खोडक्यांना तोंडी सांगितलेलं काहीच खरं वाटत नसे. मेहकरच्या सायन्स कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं परिचर म्हणून काढली, आणि त्या सत्तावीस वर्षांत त्यांचं आवडतं वाक्य एकच, "लेखी द्या." एकदा प्राचार्यांनी जाता जाता सांगितलं, वामनराव, उद्या सुट्टी. नोटीस काही लागली नाही. हा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या गावाहून, सुलतानपूरहून, एसटीने आला, बंद फाटकासमोर पाच वाजेपर्यंत बसला आणि परत गेला. पोरं हसली. हसू देत. गैरहजेरी तर लागली नाही!

अशा माणसाच्या विभागात जूनमध्ये संजीवनी मॅडम नव्या विभागप्रमुख म्हणून आल्या. मूळच्या पिंपळगाव राजाच्या, शिकलेल्या अमरावतीला. आल्या आल्या त्यांनी शिशाच्या पेटीला नवं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

ही पेटी म्हणजे वामनरावांचा अभिमान. तिच्यात कोटाच्या गुंडीएवढ्या, किरणं सोडणाऱ्या चकत्या होत्या. बीएस्सीच्या प्रयोगात त्या किरणं टिपणाऱ्या काउंटरपुढे ठेवायच्या आणि त्याची टकटक मोजायची. सत्तावीस वर्षं पेटीची किल्ली वामनरावांच्या करगोट्याला होती. ती गेली तेव्हा मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, "काका, तुमची जन्मतारीख काय? वडिलांचं पूर्ण नाव?"

"कशाले पायजे?"

"एक फॉर्म भरायचा आहे."

कसला फॉर्म, ते नाही सांगितलं. चौकशीचाच असणार, वामनरावांनी ताडलं. निवृत्तीला उरली होती दोन वर्षं. ह्याच वेळी माणसाला अडकवतात, पेन्शन अडते आणि मग म्हातारपणी ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्यांनी असे दोघे डोळ्यांनी पाहिले होते.

आणि मग तो फोन. दुपारी ते टेबलं पुसत होते आणि मॅडम आतल्या खोलीत बोलत होत्या. वामनरावांचे कान या वयातही तिखट.

"जुना सोर्स फारच कमजोर झालाय हो," मॅडम म्हणत होत्या. "नवा सोर्स लावल्याशिवाय काम व्हायचं नाही. आणि वामनकाकांच्या हातातून हे सगळं आता काढून घ्यायचं. सत्तावीस वर्षं झाली, पुरे."

वामनरावांच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

आता आमच्याकडे सोर्स म्हणजे काय, हे कोणालाही विचारा. सोर्स म्हणजे वशिला. ज्याच्यामागे सोर्स आहे तो लागतो, ज्याच्यामागे नाही तो नुसते अर्ज करतो. वामनरावांना नोकरी लागली तीही संस्थेच्या महादेवरावांच्या शब्दावर. आणि महादेवराव दोन वर्षांपूर्वी वारले होते. जुना सोर्स कमजोर! बाईला सगळं ठाऊक होतं तर. कोणाचा तरी भाचापुतण्या आणायचा होता तिला ह्या खुर्चीवर.

घाबरण्याचं खरं कारण मात्र वेगळंच होतं, ते वामनरावांनी बायकोलाही, पुष्पाबाईलाही, सांगितलेलं नव्हतं. पेटीच्या रजिस्टरात चकत्या पाच होत्या. पेटीत चार.

अकरा वर्षांपूर्वी तेव्हाच्या विभागप्रमुखांनी पेटीतली कोबाल्टची चकती पुढे केली होती. "ही मेली आता. फेकून दे."

"लेखी द्या," वामनराव म्हणाले.

साहेब भडकले, लेखी दिलं नाही. वामनरावांनी फेकली नाही. पेटीत परत ठेवावी, तर साहेब एखाद्या प्रयोगाच्या वेळी ती स्वतःच फेकून आपल्यावर ढकलतील ही भीती. म्हणून त्यांनी ती रिकाम्या चुन्याच्या डबीत घातली आणि आपल्या खुर्चीमागच्या लाकडी कपाटात, डब्याच्या पिशवीशेजारी ठेवून दिली. साहेबांची बदली झाली. दरवर्षी साठा तपासणारे पेटीवर नुसती टिचकी मारून सही करत. डबी जिथल्या तिथे राहिली.

आता ती काढून द्यावी तर चोर ठरणार, न द्यावी तरी चोरच. तीन रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

शुक्रवारी मॅडमनी त्यांना समोर बसवलं. एमएस्सीसाठी मोठं उपकरण यायचं होतं. त्याला परवाना लागणार होता, आणि परवान्यासाठी सोमवारी मुंबईहून तपासणीस येणार होते. आधीचा सगळा साठा दाखवल्याशिवाय ते पुढचं बोलणार नव्हते, आणि मॅडमनी पेटी रजिस्टराशी ताडून पाहिली होती.

"काका, खरं सांगा," मॅडम म्हणाल्या. "जुना सोर्स कुठे गेला?"

वामनरावांनी छताकडे बोट केलं. "वर गेला."

"वर? कपाटावर?"

"वर म्हंजे देवाघरी. दोन वर्सं झाले. आता माह्यामागं कोणी नाई, हे तुमाले मालूम आहे म्हणूनच तुमी हे करून राह्यल्या ना? महादेवराव असते तं तुमची हिंमत झाली नसती!"

मॅडम बघतच राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्या आधी हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "अवो काका, सोर्स म्हंजे चकती. कोबाल्टची चकती." पुण्यामुंबईच्या भाषेतून त्या एकदम पिंपळगावात उतरल्या होत्या. "मले कोणाले लावाचं नाई अन् काढाचं नाई."

वामनरावांना ते पटलं का? छे.

मॅडमनी काउंटर उचलला आणि भिंतीभिंतीने फिरू लागल्या. टक... टक... सावकाश. खिडकीपाशी तेच, फळ्यापाशी तेच. वामनरावांच्या खुर्चीजवळ पोचल्या आणि यंत्राने घाई केली. कपाटाशी नेल्यावर तर ते थांबेचना.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. वामनराव उठले, कपाट उघडलं आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीमागून चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. मग सगळं सांगून टाकलं.

"फेका म्हटलं तरी तुम्ही फेकली नाही?" मॅडमनी विचारलं.

"लेखी नोयतं ना."

मॅडम चिमट्याने चकती उचलून पेटीत ठेवत म्हणाल्या, "बरं झालं. उकिरड्यावर गेली असती तर एखाद्या लेकराच्या खिशात गेली असती. सोमवारी मी तपासणीसांना हेच सांगणार आहे. तुम्ही फक्त घडलं तसं लिहून द्या." मग ड्रॉवरमधून त्यांनी एक छोटा बिल्ला काढला. त्यावर छापलं होतं, वामन उकर्डा खोडके. "फॉर्म याचा होता. हा छातीवर लावायचा. तुमच्या अंगावर किती किरणं पडली ते हा मोजतो. सत्तावीस वर्षं तुम्ही त्या चकत्या नुसत्या हाताने उचलता, आणि कोणी तुम्हाला हा दिला नाही. म्हणून किल्ली काढून घेतली."

वामनरावांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. वडिलांचं नाव बरोबर होतं. त्यांना अतिशय लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर आलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. अकरा वर्षं त्यांची पाठ त्या डबीपासून हातभर अंतरावर होती. रोजची भाकर त्याच कपाटातून काढून खाल्ली होती.

"मॅडम, मांगचं मोजते का हा?"

"नाही. आजपासून पुढचं."

"मंग मांगचं?"

"मी हिशोब केलाय आत्ता मनात. चकती मुळातच लहान, आणि कोबाल्ट दर पाच वर्षांनी अर्धा होतो. भाकरीला किरणांचं काही लागत नाही. तुम्हाला काहीही होणार नाही, काका."

वामनराव नुसते त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मॅडमना वाटलं, ह्यांना काय हवंय ते आपल्याला कळलं. त्यांनी कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. "थांबा, लेखी देते."

"नोका देऊ," वामनराव घाईने म्हणाले आणि कागदावर हात ठेवला. "तोंडीच अजून एक डाव सांगा."