उजव्या हाताचा ब्रेक

त्या मंगळवारच्या बाजारात तुडाने एकूण एक सायकल नापास केली, आणि त्यासाठी जी कारणं काढली ती ऐकून जिलाली सायकलवाल्याने कपाळाला हात लावला. एकीचं सीट उर्मट. एकीची घंटी कर्कश. एकीचा टायर म्हणे फारच शहाणा दिसतो. टायर शहाणा कसा दिसतो ते तुडालाच विचारा.

"लल्ला, सायकल घ्यायची आहे की सून बघायची आहे?" जिलाली म्हणाला. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने लल्ला म्हणतात.

"सून असती तर डोळे मिटून आणली असती. ती पलीकडची दाखव."

तिच्या मागे तिची पोरगी, इझा, हाताची घडी घालून उभी होती. वीस वर्षांची, नर्सिंग शिकलेली. एक तारखेपासून अमिझमिझच्या दवाखान्यात तिची नोकरी सुरू व्हायची होती. गाव डोंगरावर, दवाखाना खाली. टॅक्सी होती, पण तिच्यात सहा जणं कोंबल्याशिवाय ड्रायव्हर किल्लीला हात लावायचा नाही, आणि सकाळी आमच्या गावात सहा माणसं एका वेळी जागी सापडणं म्हणजे नशीबच. शिवाय रविवारी खालच्या गावातल्या पोरी डोंगरवाटांनी सायकली हाणायच्या, त्यांच्यातही हिला जायचं होतं. म्हणून एकच सायकल हवी होती, सहा दिवस वाट उतरून डांबरावर आणि सातव्या दिवशी दगडांत चालेल अशी, शिवाय खिशाला झेपेल अशी.

तुडाला सरळ नाही म्हणता येईना. पोरगी शिकली होती, कमावणार होती, तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग तिने अट घातली, सायकल मी निवडणार. आणि मनात ठरवलं की निवडायचीच नाही. अशा दोन-चार बाजारांत पोरगी आपणहून कंटाळेल.

कारण खाली जायची वाट अक्रोडाच्या वळणावरून जाते. त्या वळणावर सात वर्षांपूर्वी तुडाचा नवरा, बिही, सायकलवरून उलटा फेकला गेला आणि खालच्या धोंड्यांवर पडून जागच्या जागी गेला.

बिही त्या वाटेवर रांगायला शिकला होता म्हटलं तरी चालेल. अंधारात, पावसात, पाठीवर पिठाचं पोतं घेऊन तो तिथून सायकलने उतरायचा. असा माणूस कोरड्या, लख्ख सकाळी पडतोच कसा? गावाने उत्तर शोधायला फार वेळ घेतला नाही. अक्रोडाखाली झरा आहे, आणि झरा आला की जागेवाले, म्हणजे जमिनीखालची न दिसणारी मंडळी, आले. त्यांनीच ढकलला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या आणि विषय मिटला.

तुडाचा मात्र मिटला नाही, कारण जागेवाले का चिडले हे तिला एकटीला ठाऊक होतं. त्या सकाळी तिचं बिहीशी वाजलं होतं. काही मोठं नाही, पत्र्याच्या गळतीवरून. रागाच्या भरात तिने चुलीवरचं उकळतं पाणी उचललं आणि उंबऱ्याबाहेर भस्सकन ओतलं. बिस्मिल्ला न म्हणता. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं की गरम पाणी ओतताना आधी नाव घ्यायचं, म्हणजे जमिनीखालची मंडळी आपली लेकरं उचलून बाजूला होतात. तुडाने त्यांना ती संधी दिली नाही. बिही सायकलवर टांग टाकून गेला, आणि परत आला तो खाटेवर.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. दर गुरुवारी ती वळणावर जायची, अक्रोडाच्या मुळाशी दूध आणि मीठ ठेवायची आणि पुटपुटायची, "फिटलं ना? आता माझ्या पोरीकडे बघू नका." झऱ्याचं पाणी तेवढं वाजत राहायचं. कधी कधी तिला मागे चाकाची कर्रर्र ऐकू यायची. ती वळून बघत नसे. वळून बघितलं आणि तो खरंच असला तर त्याला काय सांगायचं?

तर जिलालीने पलीकडची सायकल काढली. "ही बघ. पुढच्या चिमट्याला स्प्रिंग आहे, मागे काही नाही. लोक दोन स्प्रिंगांवर भाळतात. या पैशात दोन स्प्रिंगा म्हणजे नुसतं लोखंड, चढावर आई आठवते. ही रस्त्यावर हलकी चालेल आणि दगडांतही टिकेल. फ्रेम बघ, कुठे तुटून डाग दिलेला नाही. चेन नवी टाकतो."

इझाने पुढचं चाक उचलून फिरवलं, रिम आऊट, म्हणजे वाकडी, आहे का ते बघितलं, आणि तिचे डोळे चमकले. तुडाने ते पाहिलं.

"हिचं काय बिघडलंय?" तिने विचारलं. "काहीतरी असणारच."

"बिघडलं काही नाही. फक्त ब्रेक उलटे आहेत."

"म्हणजे?"

"ही इंग्लंडहून आलेली. आपल्याकडे उजव्या हाताने मागचं चाक थांबतं. त्यांच्याकडे उजव्या हाताने पुढचं. मी केबली बदलून देतो, एक चहा होईपर्यंत. न बदलता कुणी नेली तर गावात काही कळत नाही. उतारावर मात्र सवयीने उजवा हात आवळला जातो, पुढचं चाक दाताखाली खडा आल्यागत अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे." जिलालीने हाताने कमान करून दाखवली.

तुडा त्या हाताकडे बघत राहिली.

"आई?" इझा म्हणाली. "आई, बस जरा. पाणी आणू?"

"घे ही," तुडा म्हणाली. "केबली बदलून घे." आणि ती टॅक्सीत जाऊन बसली. सहावं माणूस ती स्वतःच होती, म्हणून टॅक्सी लगेच निघाली.

बिहीची सायकल गोठ्यात खुंटीला टांगलेली होती. तुडाचा भाऊ हम्मू इंग्लंडमध्ये हॉटेलात भांडी घासायचा आणि उन्हाळ्यात गाडी भरभरून सामान घेऊन यायचा. त्या वर्षी त्याने मेहुण्यासाठी सायकल आणली होती. आदल्या संध्याकाळी उतरवली, अंगणात दोन चकरा मारून बिही पोरासारखा खिदळला, आणि सकाळी तीच घेऊन निघाला.

सात वर्षांत तुडाने तिला बोट लावलं नव्हतं. आता तिने ती खाली घेतली, हँडल धरलं आणि उजवा ब्रेक दाबला. केबल गंजली होती, जोर लावावा लागला. मग सायकल पुढे ढकलली. पुढचं चाक जागीच अडकलं आणि मागचं हवेत उचललं गेलं.

तिने पुन्हा दाबला. पुन्हा उचललं गेलं. ती गोठ्यातच मटकन बसली आणि रडली. आधी सुटल्यासारखं वाटलं. पाणी नव्हतं, लेकरं भाजली नव्हती, आपण मारलं नव्हतं त्याला. या जिवाला किती वर्षांनी मोकळा श्वास मिळत होता.

आणि मग तिला हम्मू आठवला.

हम्मू त्यानंतर गावी आलाच नाही. दर शुक्रवारी फोन करायचा, सणाला पैसे पाठवायचा, इझाची फी त्यानेच भरली. पण यायचं म्हटलं की कधी रजा नाही, कधी गाडी बिघडली. गाव म्हणायचं, इंग्लंडचा साहेब झाला. तुडाला वाटायचं, माझं घर त्याला अपशकुनी वाटतं. आता तिला कळलं. त्या माणसाला रोज तिकडच्या सायकली दिसत असणार. बिही कशाने गेला ते त्याला कधीच उमगलं असणार.

शुक्रवारी दुपारी, कुसकुस खाऊन झाल्यावर त्याचा फोन आला.

"इझाने सायकल घेतली म्हणे," हम्मू म्हणाला. त्याचा आवाज कसनुसा झाला होता. "कुठली?"

"आपल्या बाजारातली. जिलालीने बघून दिली."

"ब्रेक... ब्रेक नीट आहेत ना?"

एवढ्या वर्षांत ब्रेकचं नाव त्याने पहिल्यांदा काढलं होतं, आणि पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं तिला ऐकू येत होतं. ते एकदा बोललं गेलं की दोघांनाही ते मागे घेता येणार नव्हतं. तुडाने डोळे मिटले.

"दादा, तुला एक सांगते. कुणाला बोलले नाही आजवर. बिहीला मी मारलं."

"काय बोलतेस तुडा?"

"त्या सकाळी मी उकळतं पाणी ओतलं, नाव न घेता. त्याचा सूड त्यांनी वळणावर घेतला. मला ठाऊक आहे. सायकल तर चांगली होती रे."

मग फोनमधून दबका, घुसमटलेला आवाज आला. साठीला टेकलेला माणूस हॉटेलच्या मागच्या दारात उभा राहून रडत होता.

"पाणी ओतलंस?" त्याने विचारलं. "खरंच?"

"खरंच."

"मग... मी येऊ, तुडा? या उन्हाळ्यात?"

"ये की. घर तुझं नाही का?"

फोन ठेवला तेव्हा इझा दारात उभी होती. गोठ्यातली सायकल तिनेही पाहिली होती, आणि नर्स झालेल्या पोरीला दोन अधिक दोन सांगावं लागत नाही.

"आई, तू मामाला खोटं सांगितलंस."

"पाणी मी ओतलंच होतं," तुडा म्हणाली.

"पण बाबा त्याने गेले नाहीत. तुलाही माहीत आहे."

"मला माहीत आहे. त्याला कशाला?"

इझाने ताटं उचलली.

एक तारखेला पहाटे ती नवी सायकल घेऊन निघाली. तुडा वळणापर्यंत चालत गेली आणि झऱ्यापाशी उभी राहिली. इझा दोन्ही ब्रेक हळूहळू धरत दगडांतून उतरली, अक्रोडाखालून गेली आणि खालच्या रस्त्याला लागली. तिने वळून हात केला.

तुडा घरी परतायला निघाली, आणि मागे चाकाची कर्रर्र झाली.

या वेळी तिने वळून बघितलं. वाट मोकळी होती, आणि तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.