हसीनाभाभींनी भरलेला चुडा

भोरमध्ये कुणाच्या घरी लग्न ठरलं की हॉलच्या पाठोपाठ चुडा भरायला हसीनाभाभींना सांगून ठेवावं लागतं. हॉल एक वेळ दुसरा मिळतो, भाभी मिळत नाहीत. एरवी त्या वेल्ह्याच्या आठवडे बाजारात बांगड्या घेऊन बसतात. जाणं-येणं एसटीनं. बांगड्यांची पेटी शेजारच्या सीटवर तान्ह्या पोरासारखी धरलेली. पेटीला कुणाचा पाय लागला तर, "अवो दादा, आत काच हाय, तुमच्या डोक्यावानी दगड न्हाई," हे सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. ज्याला म्हणतात तोही हसून पाय मागे घेतो.

या भाभींना आपल्या घरी बोलवावं की नाही, याचा मालिनीनं महिनाभर घोळ घातला होता.

गेल्या वर्षी कापूरहोळच्या वळणावर तिच्या लेकीची, मितालीची स्कूटर घसरली आणि पोरीचं उजवं मनगट मोडलं. आत प्लेट बसली, प्लास्टर निघालं, व्यायाम झाले. पण अंगठा तळहाताकडे पूर्ण वळेना. "हात वापरत राहा, मोकळा होईल," असं डॉक्टर म्हणाले होते. मितालीनं मात्र सगळं डाव्या हातानं करायची सवय लावून घेतली आणि मालिनीही तिच्या उजव्या हातात साधी पाण्याची बाटलीसुद्धा देईनाशी झाली.

आता लग्न चार दिवसांवर आलं होतं. काचेची बांगडी चढवायची म्हणजे अंगठा आत दुमडावा लागतो. दुखलं तर? काच पिचून रुतली तर? आणि ऐन चुड्यात बांगडी वाढली, तर सुलक्षणावन्सं अपशकुन झाला म्हणून मांडवभर सांगत फिरतील, ही धास्ती वेगळीच. मालिनीनं गुपचूप उजव्या हातासाठी फिरकीच्या, उघडून घालता येणाऱ्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या. पण मितालीच्या फोनमध्ये हिरव्या चुड्याचे फोटो साठवलेले मालिनीनं पाहिले होते. शेवटी त्या फोटोंसाठी तिनं भाभींना बोलावलं.

भाभी सकाळीच आल्या. चुडा सकाळीच भरायचा, हा त्यांचा नियम. "सांजंला हात जड व्हतात, ताई. वेल्ह्याकडच्या बाया भातलावणीवरनं आल्या की बोटं वांग्यावानी फुगल्याली असत्यात. तवा म्या कुणाच्याच हाताला हात लावत न्हाई."

मालिनीनं त्यांना बाजूला घेऊन फिरकीच्या बांगड्या दाखवल्या.

"छान हायत," भाभी म्हणाल्या. "कपाटात ऱ्हाऊ द्या. चुडा दोनी हातात भरत्यात."

"पण भाभी, तिचा अंगठा..."

"हात तर बगू द्या आदी."

सतरंजीवर कापड अंथरलं गेलं, वाटीत साबणाचं पाणी आलं. भाभींनी मितालीचा डावा हात नुसता हातात घेतला, एकदा दाबला आणि पेटीतून दोन-चारच्या मापाच्या बांगड्या काढल्या. मग त्या सुलक्षणावन्संशी कापूरहोळच्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागल्या. बोलता बोलता बांगड्या चढत होत्या. हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ही त्यांच्या सासूची शिकवण. शिरवळहून लग्न होऊन आल्या तेव्हा सासू त्यांच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि नणंदांच्या हातात बांगड्या भरायला लावायची. नणंदा किंचाळायच्या. सासू म्हणायची, डोळ्यानं काच दिसते, हाड बोटांनीच बघावं लागतं.

डावा हात भरला. भाभींनी उजवा हात घेतला आणि मालिनी उठून उभीच राहिली.

"हळू हं, भाभी. तिथं प्लेट आहे. मिताली, दुखतंय का गं? सांग हं दुखलं तर."

मितालीची बोटं ताठ झाली. भाभींनी हात सोडून दिला. क्षणभर मालिनीकडे पाहिलं.

"ताई, बसा हितं. आदी तुमचा हात द्या."

"अगंबाई!" सुलक्षणावन्सं पुढे सरकल्या. "नवरीच्या आधी आईला? असं कुठं असतंय का?"

"हितं असतंय, आत्याबाई. तुमचा नंबर लागंल तवा तुमाला बी कळंल."

मालिनीनं बसून हात पुढे केला. पहिली बांगडी कशीबशी गेली. दुसरी हाडाशी आली आणि कट्‌कन पिचली.

"वाढली!" वन्सं हळूच म्हणाल्या.

भाभी मात्र निवांतपणे काचा कापडात गोळा करत होत्या. "वाढली तर वाढली. आईच्या हातात वाढली, पोरीच्या वाटची संपली. पर ताई, ह्यो हात हाय का मुसळ?"

मितालीला हसू फुटलं. अपघातानंतर ती असं खळखळून क्वचितच हसली होती. "आई, अगं किती ताठ बसलीयेस! सैल सोड ना." आणि तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा.

त्या हाताकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं, खुद्द मितालीचंही नाही. भाभींनी तो खांद्यावरून सहज उचलला, एखादीनं शेजारणीचा हात गप्पांत धरावा तसा. "पोरी, तुजी सासू कुठली? शिवऱ्याची व्हय?" मिताली सांगायला लागली. भाभींनी अंगठ्याला हातच लावला नाही. तो होता तसा बांगडीतून ओवून घेतला आणि करंगळीची बाजू तळव्याकडे चेपत, हाडाहाडाला वळसा देत बांगडी पुढे नेली. मालिनीला ओरडावंसं वाटलं. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. मितालीचं वाक्य पुरं व्हायच्या आत बांगडी मनगटावर होती.

मितालीनं खाली पाहिलं. "गेली?"

"मग काय तुला इचारून जानार व्हय?"

बाकीच्या एकेक करून गेल्या. एकदा मितालीनं ओठ आवळला, तेव्हा भाभी थांबल्या, साबणाचं पाणी लावलं, थोडा वेळ हात नुसता धरून बसल्या आणि मग पुन्हा सुरू केलं. शेवटची बांगडी बसल्यावर मितालीनं रीतीप्रमाणे वाकून त्यांना नमस्कार केला.

"भाभी, तिच्या हातात पिचली असती तर?" मालिनीनं विचारलंच.

"तर दुसरी भरली असती. पेटी भरून आनलीया ती कशाला? द्या आता तुमचा हात. सैल हाय का बगू."

या खेपेला बांगड्या सरळ गेल्या. मग सुलक्षणावन्संनी आपण होऊन हात पुढे केला. "दोन-सहाच्या द्या, जरा घट्टच," म्हणाल्या.

"आत्याबाई, दोन-सहा तुमाला लग्नात आल्या आसतील," भाभी म्हणाल्या, आणि वन्संसकट सगळ्या हसल्या.

पेटी आवरताना भाभी म्हणाल्या, "पानी द्या कुनीतरी. नवरीनंच आनावं. भरल्या हाताचं पायजे मला."

मिताली आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. उजव्या हातात. तांब्या काठोकाठ भरलेला होता आणि पाणी काठाशी हिंदकळत होतं. हिरव्या बांगड्या एकमेकींवर किणकिणत होत्या. खालून आधार द्यायला मालिनीचा हात पुढे झाला, तशा तिच्याही बांगड्या वाजल्या. त्या आवाजानं ती भानावर आली. तिनं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

भाभींनी ओंजळ पुढे केली.

"वत," त्या म्हणाल्या. "सांडलं तर सांडू दे."