वरचा दात आन् डोळ्याची नजर

आमच्या मालकानी सगळ्या गावाला टूथपेस्ट इकली, आन् सोता मरंस्तोर मिसरी घासली. केजच्या बाजारात किराणा दुकान होतं आमचं. तवा घरोघरी टीव्ही येत होते. जाहिरातीत जे दिसंल ते दुसऱ्या दिशी बाया दुकानात येऊन मागायच्या. मालक म्हणायचे, "घ्या, दात मोत्यावानी होतेत." म्हणतानी तोंडापुढं पंचा धरायचे. हिरड्यांतून रगत यायचं, आन् वास असा का मी कूस बदलून निजायची.

"अहो, दाखवा की कुणाला तरी."

"मिसरीनं बसंल. तंबाखूनं किडं मरतेत."

किडं काय मेलं न्हाईत. वरचे दात हालाया लागले, भाकर कुस्करून खायाची येळ आली.

मंग ताप सुरू झाला. दिवस कलला का हुडहुडी भरायची, घामानं सदरा भिजायचा, आन् सकाळी गडी पुन्हा गल्ल्यावर. गल्लीतला डाक्टर सुई टोचायचा. जरा बरं वाटायचं, पुन्हा तेच. अंग वाळून गेलं. दुकानाची पायरी चढली तरी धाप लागायची.

आमचे धाकले दीर लई शहाणे. कालेजात जाऊन आलेले, पुढाऱ्यांत ऊठबस. ते म्हणले, "वयनी, दुकानाला नजर लागलीय कुणाची तरी."

"नजर दुकानाला लागली, तर ताप मालकाला कावून येतो, भावजी?"

"तुमाला काय कळतंय त्यातलं!"

शेवटाला जीपमधी घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डाक्टरनं छातीला नळी लावली, बोटांची नखं निरखली, आन् म्हणला, "आ करा."

भावजी हासले. "सायेब, दुखणं छातीत हाय."

"छातीत आहे, पण आलंय तोंडातून," डाक्टर म्हणला. "लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला दिसतोय, त्यानं काळजाची एक झडप आधीच खराब आहे. हिरड्यांतले जंतू रक्तात शिरले आणि त्या झडपेवर जाऊन बसले. औषधानं मरतील. पण तोंड असंच ठेवलं तर पुन्हा होईल. हे सडके दात काढावे लागतील."

कैक दिवस बाटल्या चढल्या. ताप हाटला. मालक उठून बसले, च्या मागाया लागले. म्या म्हणलं, चला, आता दात काढा. तिथंच घोडं अडलं.

वरचा दात काढला का डोळ्याची नस तुटती, असं आमच्याकडं ल्हानथोर सगळेच सांगतेत. सांगणाऱ्यानं असा आंधळा सोता बघितल्याला नसतो. सासू खाटंपशी बसून रडली, "माज्या लेकाला आंधळा करू नगंस गं!" भावजी म्हणले, "आंधळ्याला तराजूचा काटा दिसंल व्हय?" आन् मालक, गिऱ्हाइकाला मोती दावणारे मालक, म्हणले, "डोळे गेले का दुकान गेलं."

"आन् जीव गेल्यावर दुकान ऱ्हातं का?" म्या इचारलं.

बाजूच्या खाटंवरची बाई फिसकन हासली. मालक काय हासले न्हाईत.

दात तोंडात ठिवून घरी निघालो. वाटंत भावजीनी जीप कपिलधारच्या देवाला वळवली. दवाखान्यातनं उठल्याल्या माणसाला धबधब्याच्या गार पाण्याखाली उभं केलं. देवाला कशाला मधी घ्यायचं? दात ठिवा म्हणून देवानं थोडंच सांगितलं होतं! रोग हिरडीत, आन् इभूत लावली कपाळाला.

ज्वारी काढायच्या दिसांत ताप फिरून आला. ह्या खेपंला पाय सुजले, उशीवर डोकं टेकवंना, बसूनच रात काढायचे. तरी मिसरीची डबी उशाला होतीच. जीप आणाया माणूस गेला, तो येईस्तोर मालक गेले. डोळे अगदी चांगले होते. शेवटाला माज्याकडंच बघत होते.

आमच्यात माती देतेत, तशी दिली. भेटाया येईल त्याला भावजी सांगायचे, "हार्टफेल झालं. त्याला कोण काय करणार!"

"दात गेले असते तर मालक ऱ्हायले असते," म्या म्हणलं.

बाया माज्याकडं अशा बघाया लागल्या का दुःखानं हिचं डोकं फिरलंय.

"वयनी, दातानं कुणी मरतंय का?"

"तुमच्या भावाला इचारा."

मिसरी म्या बी लगीन झाल्यापून घासायची. माज्या बी हिरड्या फुगल्याल्या. माणसं पांगली तशी डबी उकिरड्यावर फेकली, आन् एकलीच यष्टीनं बीडला गेले. दाताच्या डाक्टरपुढं आ करून बसले. सासू दारातूनच वरडली होती, "आंधळी झालीस तर तुजं कोण करंल?"

"तुमी हाव की, आत्याबाई."

आता तोंडात एक बी दात न्हाई. भाकर दुधात भिजवून खाते, काय अडत न्हाई. सासू गेली. भावजीचे दात हायेत अजून, पण चष्मा जाड झालाय. बटन तुटलं का सुई-दोरा घेऊन माज्याकडंच येतेत.

"वयनी, तेवढा दोरा ववा."

मी ववते, आन् सुई हातात देते.