सोळा किलो दोनशे चाळीस

सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. पार्सल ऑफिसची खिडकी उघडायला अजून चाळीस मिनिटे होती आणि वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर एक माउंटन बाइक आडवी पडलेली होती. काट्यावर बसणाऱ्या बाई गुडघ्यावर बसून तिचा स्टँड सोडवत होत्या. बोल्ट गंजलेला होता. त्यांनी उठून पान्यावर पाय ठेवला आणि जोर दिला, तसा तो करकरत सुटला.

"ताई, बाईंडिंगची दोरी आणू का? बांधून पाठवून देऊ जिथून आली तिथे," हमाल मामा दारातून म्हणाले.

"परत कशाला मामा? टेकडीवर न्यायचीये. आणि ज्याने दिली त्याच्या आधी."

बाई त्रेचाळीस वर्षांच्या. गेली नऊ वर्षे लोकांची पार्सले तोलतात. ऑफिसात त्यांना 'काटेवाली' म्हणतात आणि त्यांना त्याचा राग नाही. राग आहे तो दिराचा. दिराने नवी सायकल घेतली, तेव्हा जुनी घरात अडचण करत होती. ती त्याने सगळ्या नातेवाइकांसमोर वहिनीला 'भेट' दिली आणि रविवारी आपल्या तीन मित्रांबरोबर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत यायचे आमंत्रणही दिले. चार किलोमीटरचा चढ. बाई तिसऱ्या वळणावर उतरल्या आणि सायकल ढकलत वर गेल्या. दिराने वरून फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'म्हैस कोण, गुराखी कोण, ओळखा पाहू.' ग्रुपवर एकतीस माणसे. एकोणीस जण हसले. त्यांत त्यांचा स्वतःचा नवराही होता.

"अगं, गंमत केली त्याने," नवरा जेवताना म्हणाला.

"हो ना. मीही हसले," बाई म्हणाल्या आणि त्याला भाजी वाढली. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी फोटोखाली नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला होता. दुसऱ्या दिवशी सायकल ऑफिसात आणून तोलली, तर सोळा किलो दोनशे चाळीस ग्रॅम.

दिराला टाकीपाशी मागे टाकायचे, त्याच्या मित्रांच्या डोळ्यांदेखत, आणि त्याच्याच टाकाऊ सायकलीवर, एवढे एकच बाईंनी मनाशी धरले. नवी सायकल घेऊन जिंकण्यात त्यांना काडीचाही रस नव्हता. तसा त्यांचा पगारही नव्हता.

आधी फुकटात जाते ते काढले. स्टँड, मागचे कॅरिअर, दोन्ही मडगार्ड. एक किलो एकशेतीस ग्रॅम नुसते लोंबकळत होते. मग टायर. जुन्या टायरच्या कडेत तार होती; दुरुस्तीवाल्याने घडी होणारे, बिनतारेचे टायर दाखवले आणि सोबत पातळ ट्यूब. "बाकी काही नाही केलंत तरी चालेल, पण चाकाचं वजन कमी करा. ते नुसतं वाहायचं नसतं, प्रत्येक फेऱ्यात फिरवायचंही असतं," तो म्हणाला. बाईंना हे पटले, कारण तो विकत होता ते सगळ्यांत महाग नव्हते. सहाशेऐंशी ग्रॅम गेले. पुढच्या महिन्यात सीट आणि तिच्याखालची दांडी. लोखंडी दांडीच्या जागी अॅल्युमिनियमची, तीही कुणीतरी काढून ठेवलेली. मग हँडल. प्रत्येक तुकडा काढला की जुना पाटावर, नवा पाटावर, आणि मगच सायकलवर. तेरा किलो सहाशेसत्तर.

रोज सकाळी हमाल मामा आकडा विचारू लागले. एकदा म्हणाले, "ताई, सायकलीबरोबर तुम्हीही उभ्या राहा की काट्यावर. स्वस्तात सुटेल."

"तेही चालू आहे. पण तिथे पान्याने काही सुटत नाही," बाई म्हणाल्या.

रविवारी त्या जातच होत्या. मागेच राहत होत्या आणि दिराला खूश ठेवत होत्या. "काय वहिनी, आज कुठवर ढकलली?" तो विचारायचा. त्या नम्रपणे वळण सांगायच्या. त्या मागून त्याला न्याहाळत. सायकल बाराच किलोची आहे हे तो भेटेल त्याला सांगे, पण पाठीवर पिशवी घेऊन फिरे. तिच्यात पंप, दोन मोठ्या बाटल्या, गाणी वाजवणारा स्पीकर, जाकीट आणि सगळ्या पान्यांची पेटी. पट्टे खांद्यात किती रुतले आहेत ते पाहून बाईंनी अंदाज बांधला, साडेसहा किलो. नऊ वर्षांत त्यांचा नजरेचा अंदाज पावशेराच्या पलीकडे चुकला नव्हता. त्यांनी हे दिराला सांगितले नाही. आपल्या हाताने खड्डा खणणाऱ्याला फावडे कशाला आवरायला सांगायचे?

चूक झाली ती इथून पुढे. पार्सलाचे दर किलोच्या टप्प्यावर बदलतात. टप्प्याच्या वर चार ग्रॅम गेले तरी पुढचा दर. म्हणून गिऱ्हाईक खिडकीसमोरच खोके फोडते आणि सगळ्यांत जड वस्तू बाहेर काढते. हे रोज पाहून बाईंच्या डोक्यात टप्पा बसला होता. तेराच्या खाली यायचेच. त्यांनी पेडलजवळच्या तीन दातेरी चक्रांपैकी मधले एकच ठेवले. बाकीची दोन, चेन त्यांच्यावर सरकवणारा पुढचा डिरेलर आणि त्याची वायर, सगळे उतरवले. सहाशेचाळीस ग्रॅम. हँडलची टोके कापली, मुठी फोमच्या बसवल्या. बारा किलो नऊशेऐंशी. त्या दिवशी त्यांनी मामांना चहा पाजला.

बुधवारी कामावरून सुटल्यावर त्या एकट्याच टेकडीवर गेल्या. पहिली दोन वळणे वाऱ्यासारखी गेली. तिसऱ्यावर पेडल दगडासारखे घट्ट झाले. सगळ्यांत लहान चक्र, चढावर पाय फिरता ठेवणारे, ऑफिसातल्या रिकाम्या खोक्यात पडले होते. बाई उतरल्या. पुन्हा ढकलत निघाल्या, फक्त या वेळी तीन किलो कमी.

गुरुवारी सकाळी त्यांचे तोंड पाहूनच मामा समजले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही पण गिऱ्हाइकासारखंच केलंत ताई. वजन बसावं म्हणून ज्याच्यासाठी पार्सल पाठवायचं तेच बाहेर काढलंत."

बाईंना राग आला, मग शरम वाटली. मग त्यांनी खोके पुढे ओढले. शुक्रवारी दुरुस्तीवाल्याकडून दोन्ही चक्रे, डिरेलर, वायर, सगळे परत बसवून घेतले. तेरा किलो सहाशेवीस. आकडा पाहवत नव्हता.

रविवारी साडेसहाला पाच जण निघाले. दीर नेहमीसारखा सुरुवातीलाच सुसाट, स्पीकर लावून. बाईंनी घाई केली नाही. दुसऱ्या वळणानंतर त्याच्या मित्रांनी वेग धरला आणि तो मागे पडू लागला. तिसऱ्या वळणावर बाईंनी चेन लहान चक्रावर टाकली. पाय भराभर फिरू लागले, सायकल मुंगीच्या पावलांनी का होईना, पण वर जात राहिली. गाण्याचा आवाज जवळ आला. मग बाजूला आला.

"वहिनी? अहो, जरा थांबा, दम खाऊन जाऊ दोघं."

"तुम्ही खा भाऊजी. मी घरून खाऊन आलेय."

गाण्याचा आवाज मागे राहिला. टाकीपाशी मित्र तिघेही पोचलेले होते. बाई चौथ्या आल्या. दीर सहा मिनिटांनी आला, शेवटचा, सायकल ढकलत.

"काय रे, वहिनींनी उतरवली तुझी!" एक मित्र म्हणाला.

दिराने घाम पुसला. "माझीच सायकल आहे ती. मीच दिली. बनावटच तशी आहे तिची, पळणारच."

बाईंना वाटले होते, एवढ्यावर मन निवेल. ते निवले नाही. चार महिन्यांची खटपट त्याने एका वाक्यात आपल्या खिशात टाकली होती.

मित्र पाणी भरायला नळाकडे गेले, तसा तो जवळ सरकला. आवाज खाली. "वहिनी, कसं काय केलंत हो? माझीही बघा ना जरा. तुमच्याकडे काटा आहे म्हणे."

"आहे की. उद्याच या ना," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "सायकल घेऊनच या, तोलावी लागेल. ही पिशवीही आणा. बरोबर सव्वा वाजता. पाहिजे तर अर्ध्या दिवसाची रजा टाका. काम वेळ खाणारं आहे."

"तुम्ही असाल ना खिडकीत?"

"मी कुठे जाणार भाऊजी?"

तो खूश झाला. उतारावर बाई त्याच्या पुढेच होत्या.

पार्सलाची खिडकी जेवणासाठी एक ते दोन बंद असते. तशी पाटी बाई रोज स्वतःच्या हाताने काचेमागे लावतात आणि मागच्या खोलीत डबा खायला जातात. उद्या सोमवार आहे. पाटी एकला लागेल, दोनला निघेल.