आबांच्या घरातली नर्सबाई

दोंडाईच्याजवळच्या एका गावात मी नर्स म्हणून तीन वर्षं काढली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सरकारनं गावाला आरोग्य उपकेंद्र दिलं होतं. इमारत उभी होती, आत टेबल आणि लोखंडी खाटसुद्धा येऊन पडली होती. फक्त कुलूप निघत नव्हतं. इमारत बांधून घेतली जुन्या सरपंचांनी, म्हणजे नानांनी. ती पुरी होता होता निवडणूक झाली आणि किल्ली गेली नव्या सरपंचांकडे, आबांकडे. कोनशिलेवर नाव कोणाचं आणि फीत कापायला पुढारी कोणाचा, यावर दोघांनी जिल्हा परिषदेत एकमेकांविरुद्ध अर्ज टाकले. दीड वर्ष मी मारुतीच्या ओट्यावर बसून पोरांना लसीचे डोस दिले. बायकांना त्यांच्या घरी जाऊन तपासायचे.

निदान निम्म्या बायकांना. उरलेल्या निम्म्यांचं दार मला बंद होतं, आणि ती चूक माझी. मी फैजपूरकडची, केळीच्या बागांत भरपूर पाण्यावर वाढलेली. या गावात खोली शोधताना नळ दिसला आणि मी भुलले. खोली आबांच्या घरातली होती. तेव्हा ते सरपंच नव्हते, मला काय ठाऊक? निवडणूक झाली आणि मी गावाची नर्स राहिले नाही, आबांच्या घरातली झाले. नानांच्या गल्लीतल्या बायका मला बघून पदर पुढे ओढायच्या. खोली बदला, असं मला दोघातिघांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात बघू, म्हणत मी नळाखाली बादली लावत राहिले. आजही त्याची लाज वाटते.

नानांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. हातपंपावर तिला पाहिलं तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता, पायांत चपला मावत नव्हत्या. डोकं दुखतं का, विचारलं. तिनं मान डोलावली आणि आईनं हाक मारली तशी घागर उचलून गेली.

त्याच दुपारी मी नानांच्या ओसरीवर गेले. बोलावलेलं नव्हतं, पण रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊनच गेले. नाना, हिला आजच धुळ्याला न्या, झटके येतील, जिवाचं काम आहे, असं स्पष्ट सांगितलं.

नाना शांतपणे म्हणाले, "आबाना घरमा ऱ्हास ती बाई माले शिकाडी का? मी बांधेल दवाखाना खोला, मंग पोरले तठे लई येसू."

पोरीला तिथे आणली असती तरी त्या खाटेवर मला तिच्यासाठी काही विशेष करता आलं नसतं. पण निदान तिला हात लावता आला असता, तिथून धुळ्याला पाठवता आलं असतं. म्हणून मी आबांकडे किल्ली मागायला गेले. आबा तसे वाईट नव्हते. माझ्या आजारपणात त्यांच्या घरून भाकरी यायची. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आज कुलूप काढं तं उद्या तो गावभर सांगी, आबा झुकना."

मी परत आले आणि माझ्या खोलीत बसून रडले. दुसरं काय करणार होते?

पाचव्या दिवशी भर दुपारी नानांची बायको माझ्या मागच्या दाराशी आली. मिरच्या खुडून तशीच आली होती, हात लाल होते. "बाई, चाला. पोर कशीतरी करी ऱ्हायनी."

मुलीला झटके सुरू झाले होते. मी धावत परत येऊन आबांकडे जीप मागितली. त्यांनी एक शब्द न बोलता ड्रायव्हरला पाठवलं, एवढं श्रेय मी त्यांच्या पदरात टाकते. जीप नानांच्या दारात उभी राहिली. नाना उंबऱ्यात आडवे उभे राहिले. ट्रॅक्टर येतोय, म्हणाले. शेजारच्या गावाहून ट्रॅक्टर यायला दीड तास लागला. सुंभ जळतो, पीळ जात नाही, हे आपण सहज बोलतो. मी त्या दीड तासात ते पाहिलं. जीप तेवढा वेळ समोरच उभी होती.

धुळ्याच्या वाटेवर, चिमठाण्याच्या पुढे ट्रॉलीतच बाळ झालं. मुलगी. आई धुळ्यापर्यंत पोचली नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

दहावा-तेरावा झाला आणि गाव पारावर जमलं. नानांची माणसं म्हणाली, आबांनी कुलूप ठेवलं म्हणून पोर गेली. आबांची माणसं म्हणाली, नानांनी तिला जीपमध्ये बसू दिलं नाही म्हणून गेली. दोघंही खरंच बोलत होते. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं: बाईंनी वेळेवर सांगितलं नाही. माझी बदली करा, या अर्जावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. गावात एवढी एकी मी पहिल्यांदा बघितली. महिन्याभरात उपकेंद्र उघडलं, फीत आबांच्या पुढाऱ्यानं कापली, आणि नानांच्या गल्लीतलं कुणी तिकडे फिरकलं नाही.

मी निघाले त्या दिवशी एस.टी. फाट्यावर नानांची बायको उभी होती. गावातून नाही, शेतातून आली होती. पदराखाली नात होती, दीड महिन्याची. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पोरीची मांडी उघडी केली.

"बाई, हिले डोस दी द्या."

माझी पेटी मी सकाळीच नव्या बाईंच्या ताब्यात दिली होती. तसं सांगितलं. उपकेंद्रात जा, म्हटलं. "त्यासले डोसनं नावबी चालत नही," ती म्हणाली. मग मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी दोंडाईच्याला न्या, तिथल्या दवाखान्यात देतील.

"कितला डोस शेतस?"

"तीन. महिन्या-महिन्यानं."

तिनं पोरीची मांडी झाकली. जरा वेळ बोटं मोजत राहिली.

"म्हंजे तीन डाव घरमा खोटं बोलनं पडी," ती म्हणाली.